पिवळा तागा

कॉलर पहिल्यांदा ओळखली ती थोरल्याने.

"अगं," पार्कच्या फाटकावर तिकिटं तपासणाऱ्या माणसाकडे टक लावून तो बायकोच्या कानाशी कुजबुजला, "ही आपली कॉलर आहे."

मोठीच्या एका हातात धाकट्या जावेच्या जुळ्यांपैकी एक होता, दुसऱ्या हातात दुसरा, आणि खांद्यावर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी. अशा वेळी कॉलरीबद्दल बोलायला सुचावं ते तिच्या नवऱ्यालाच. तिने आधी दुर्लक्ष केलं. मग तिची नजर त्या माणसाच्या शर्टावर गेली, तिथून शेजारच्या बाईच्या शर्टावर, तिथून आत फुगे विकणाऱ्याच्या, झाडू मारणाऱ्याच्या आणि पाळणा फिरवणाऱ्याच्या शर्टावर गेली. सगळे पिवळेधमक होते. आणि तिच्यामागे रांगेत उभी असलेली डझनभर पोरंही तितकीच पिवळीधमक होती.

शर्टांची कल्पना तिचीच. वर्षातून एक दिवस शिंपीकामाचं दुकान बंद ठेवून घरच्या आणि कारागिरांच्या सगळ्या पोरांना कुठेतरी फिरवून आणायचं, ही या घराची जुनी रीत. कारागीर त्या दिवशी घरी ढाराढूर झोपत आणि पोरांच्या मागे धावता धावता घरच्यांच्या नाकी नऊ येत. यंदा एवढ्या मोठ्या पार्कात जायचं ठरलं, तेव्हा मोठीला वाटलं, सगळ्यांना एकाच कापडाचे शर्ट शिवले तर कुठूनही ओळखू येतील. वरच्या फळीवर पिवळ्या कापडाचा एक तागा पडून होताच. मागच्या वर्षी एका कंत्राटदाराने भलंमोठं काम आणलं होतं, त्यातून उरलेला. शर्ट शिवून झाले, कंत्राटदार घेऊन गेला. ते कोणाच्या अंगावर जाणार हे विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं. दुकानात कापडाबद्दल सगळं विचारतात, माणसाबद्दल फारसं नाही.

"ताई," धाकटी जाऊ गोड आवाजात म्हणाली. ती गोड आवाजात बोलू लागली की मोठी सावध होई. "मी लाल म्हटलं होतं."

"लाल तागा होता का दुकानात?"

"विकत मिळतो की लाल. मी आपली एक गोष्ट सांगितली. माझं कोण ऐकतं म्हणा."

"आता सोडा ना," धाकटा मध्ये पडला. तो दुकानात दिवसभर मशीन चालवायचा आणि तोंडही. "उलट चांगलं आहे. एखादं पोर हरवलं तर इथेच नोकरीला लागेल."

यावर थोरला हसला, पोरं हसली, आणि तिकीट तपासणाराही हसला, कारण थोरल्याने एव्हाना त्याची कॉलर उलटून आतली टीप बघायला घेतली होती. हसले नाहीत ते दोघेच. एक मामंजी, कारण ते बाहेर असताना सहसा हसत नसत. दुसऱ्या वन्सं.

वन्सं म्हणजे या दोन भावांमधली एकुलती बहीण. पहिला नवरा लवकर गेला. लेक घरी परतली, दुकानातल्या आपल्या मशीनवर बसू लागली, आणि मामंजींनी गृहीतच धरलं की आता ती आपल्याजवळच राहणार. त्याऐवजी तिने दुकानातली वायरिंग बदलायला आलेल्या वायरमनशी लग्न केलं. तोही बिचारा एकटाच होता, पदरी एक लहान मुलगी. मामंजींना लग्नापेक्षा ते आपल्याच छपराखाली जुळलं आणि आपल्याला कळलं नाही, याचा राग जास्त होता. ते लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून बापलेकीत दोन वर्षं एका शब्दाची देवाणघेवाण नव्हती. जावयाचा उल्लेख ते 'ते' असा करत, इतक्या आदराने की ऐकणाऱ्याला राग कळावा.

वन्सं यंदा आल्या त्या मोठीच्या शब्दाखातर. परवा फोनवर त्या स्पष्टच बोलल्या होत्या. "येते वहिनी. पण एकदाच. माझ्याशी कोणी बोललं नाही तर चालेल, मला सवय झालीय. पोरीला कोणी परकं केलं, तर मी पुन्हा तुमच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवणार नाही. तूही बोलवू नकोस मग."

तिथपासून मोठीचा जीव टांगणीला लागला होता. ती या घरात आली तेव्हा तिला सुई धड ओवता येत नव्हती. सासूबाई नव्हत्या, जाऊ अजून यायची होती, आणि घरभर नुसते पुरुष आणि कापड. तेव्हा वन्संनी तिला काज करायला शिकवलं, कात्री धरायला शिकवलं, मामंजींचा पारा कधी चढतो आणि कधी आपोआप उतरतो ते शिकवलं. आज दुकानातली सगळी कटिंग मोठीच्या हातात होती. ज्या बाईमुळे ती इथवर आली होती, ती बाई दोन वर्षं रस्त्याच्या पलीकडून जात होती. मोठीला ती परत हवी होती. सणावाराची पाहुणी म्हणून नव्हे, रोजची.

त्यामुळे आजच्या दिवसासाठी तिने बाकीच्या पोरांपेक्षा जास्त विचार केला होता तो एका पोरीचा आणि एका म्हाताऱ्याचा. त्या दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढा एकच बेत. मामंजी मनाने वाईट नव्हते, पण जीभ कात्रीसारखी. एखादा शब्द निघून जायचा आणि सगळं फाटायचं.

"इकडे या सगळे," फाटकाच्या आत, झुलत्या घोड्यांच्या चक्राजवळ तिने पोरांना गोळा केलं. "नेहमीचा नियम. आपलं पोर आपल्याकडे नाही."

हा नियम मामंजींचा. आपल्या पोरावर माणूस एक तर ओरडतो नाही तर भाळतो, आणि दोन्हींत रांग मोडते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बाहेर पडलं की ज्याने त्याने दुसऱ्याची पोरं सांभाळायची.

"जुळी माझ्याकडे. वन्सं, तुम्ही माझ्याबरोबर, ही छोटी तिघं घेऊन. भावजी, तुमच्याकडे कारागिरांची मोठी पोरं."

"आणि आमची वकील?" धाकटी म्हणाली. वकील म्हणजे मोठीची बारा वर्षांची लेक. तिला हे नाव का पडलं ते तिच्याशी बोलणाऱ्याला लगेच कळे.

"ती तुमच्याकडेच. सांभाळा."

"मला कोणी सांभाळायची गरज नाही," वकील म्हणाली. "आणि नियमाप्रमाणे काकांकडे जास्त पोरं झाली तर ते न्याय्य नाही."

"भावजी," मोठीने धाकट्याला बाजूला घेतलं, "वन्संची पोर तुमच्याकडे देतेय. नीट बघा. घसरगुंड्यांकडे न्या, पाण्याकडे न्या, कुठेही न्या. फक्त," तिने डोळ्यांनीच चक्रासमोरच्या बाकाकडे खूण केली. त्या बाकावर मामंजी आधीच बसले होते, डब्यांच्या पिशव्या राखत, हातातली काठी दोन पायांमध्ये उभी धरून. "तिकडे नको."

"कळलं," धाकटा म्हणाला. "एकदम कळलं."

त्याला असं एकदम कळलं म्हणजे मोठीला नेहमी काळजी वाटायची.

पोर दहाएक वर्षांची होती, सडपातळ आणि गप्प. तिने मरून फ्रॉकवरूनच पिवळा शर्ट चढवला होता आणि तो तिच्या एका खांद्यावरून सारखा खाली घसरत होता. मोठीने ते पाहिलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. सगळ्या पोरांचे शर्ट तिने माप घेऊन कापले होते, हिचा तेवढा वकिलाच्या मापाने, अंदाजाने. फोन करून माप विचारलं असतं, तर दुकानात मामंजींसमोर मोठ्याने बोलावं लागलं असतं, आणि तिला ते टाळायचं होतं.

"सैल झाला का गं?" तिने पोरीला विचारलं.

"नाही काकू," पोर म्हणाली आणि खांदा वर ओढून घेतला.

पहिला तासभर झकास गेला. जुळ्यांना छोट्या रेल्वेत बसवलं, उतरवलं, पुन्हा बसवलं. थोरला खेळण्यांपेक्षा कर्मचाऱ्यांच्या मागे जास्त हिंडत होता. "ह्याचं बटण निखळलंय, आपल्या हातचं नाही हे, नंतर कोणीतरी लावलंय," असं तो दर थोड्या वेळाने येऊन सांगून जाई. वायरमन एका मोठ्या पाळण्याच्या विजेच्या पेटीपुढे उभा होता आणि चालवणाऱ्याला अगदी अदबीने विचारत होता की पेटीचं झाकण असंच उघडं ठेवता का. या दोन पुरुषांना पोरं सोपवायची नाहीत, एवढं शहाणपण मोठीकडे होतं.

शर्टांचं जे व्हायचं ते होत होतंच. एका आजींनी जुळ्यांपैकी एकाला स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं, आणि त्याने मोठ्या खात्रीने त्यांना आइस्क्रीमच्या गाडीकडे पाठवलं. कोणीतरी वकिलाला अडवून पाण्याच्या खेळांची वेळ विचारली. वकिलाने एवढी सविस्तर माहिती दिली, की लोकांची तिच्यापुढे रांग लागली आणि धाकटी लांबून कपाळाला हात लावून बघत राहिली.

"तुमची लेक इथली मॅनेजर झाली," ती मोठीला येऊन म्हणाली. "मला वाटतं दोन-चार लोकांना तिने दंडही केला." मग आवाज खाली आणून, "वन्संचे ते, चांगले आहेत हो. जुळ्यांनी चप्पल तळ्यात टाकली ती त्यांनीच काढून दिली. न सांगता."

"मग हे मामंजींना सांगा ना."

"मी? मी सांगितलं तर आहे तेही बिघडेल. पण तुम्ही सांगितलंत तर मी मान डोलवीन." धाकटीने एवढं म्हणणं म्हणजे खूप होतं. दोन वर्षं ती मामंजींच्या बाजूने होती. मोठीने तिच्याकडे बघितलं, आणि लालच तागा घ्यायला हवा होता, असं मोठ्या मनाने कबूल करून टाकलं.

होडीच्या रांगेत मोठीला वन्संबरोबर पहिल्यांदा निवांतपणा मिळाला. रांग हलत नव्हती. छोटी तिघं कठड्याला लोंबकळत पाण्यात बोटं बुडवत होती.

"बरं वाटतंय वन्सं, तुम्ही आलात."

"मलाही वाटतंय," वन्सं म्हणाल्या. "सकाळी गाडीत सगळे एकदम बोलायला लागलात ना, तेव्हा कळलं काय काय विसरले होते मी. आमच्याकडे फार शांत असतं गं. हे बोलत नाहीत, पोर बोलत नाही. मीच आपली भिंतीशी बोलते."

"पोर तुमच्याशी पण नाही बोलत?"

"आई म्हणते. हो म्हणते, नाही म्हणते. कधी काही मागत नाही. मागितलं तर आपण पाहुणे ठरू, असं काहीतरी तिच्या डोक्यात आहे." वन्संनी पदराने मान पुसली. "एकदा हट्ट करावा तिने, मी तिच्यावर चिडावं, तिने दार आपटावं. एवढं झालं तरी मी पेढे वाटीन."

मोठी हसली, पण तिला भरून आलं होतं.

"बाबांनी तिच्याकडे बघितलं का गं?" वन्संनी मध्येच विचारलं. "सकाळी ती नमस्कार करायला वाकली, तेव्हा ते बटव्यात काहीतरी शोधत होते. मी बघितलं. काही शोधत नव्हते ते."

"त्यांचं असंच आहे. जुळ्यांकडे तरी कुठे बघतात?"

"वहिनी, समजूत काढू नकोस. मी त्यांची लेक आहे." मग त्या म्हणाल्या, "मी आज फक्त तिच्यासाठी थांबलेय. संध्याकाळपर्यंत."

मोठीने मान हलवली. संध्याकाळपर्यंत तर संध्याकाळपर्यंत. तेवढा वेळ ती म्हाताऱ्याला त्या बाकाला खिळवून ठेवायला तयार होती.

होडीतून उतरल्या तेव्हा धाकटा समोरून येताना दिसला. ओलाचिंब, मागे कारागिरांची ओलीचिंब पोरं. मोठीने सवयीने नजर फिरवली आणि ती तिथेच थांबली.

"भावजी, पोर कुठाय?"

"कोण पोर?" असं म्हणता म्हणता धाकट्याचाच चेहरा उतरला. "अरे. ती म्हणाली मी नाही येत पाण्यात, मी बसते. मला वाटलं तुमच्याकडे आली."

"कधी?"

"झाला की बराच वेळ. वहिनी, मी पोरांना पाण्यातून बाहेर काढत होतो, एक काढला की दुसरा आत."

वन्संनी काही ऐकून घेतलं नाही. त्या आधीच चालू लागल्या होत्या, मग धावू लागल्या. मोठीने छोटी तिघं धाकटीच्या हवाली केली, थोरल्याला एका दिशेला पिटाळलं, धाकट्याला दुसऱ्या. "पिवळा शर्ट बघा," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला स्वतःच्या अकलेची कीव आली.

पिवळे शर्ट कुठे नव्हते? तिला चक्राजवळ एक पिवळी पाठ दिसली, ती फुगेवाल्याची निघाली. झाडामागे पिवळं काही हललं, ती झाडूवाली होती. एका उंच कठड्यावर अगदी तेवढीच, अगदी तसाच खांदा पडलेली आकृती दिसली म्हणून ती धापा टाकत जिना चढली, तर तो सरबत विकणारा एक किरकोळ माणूस होता. "काय हवं बाई?" त्याने विचारलं. तिला काय हवं होतं ते त्याच्याकडे नव्हतं.

कठड्यावरून सगळा पार्क दिसत होता. तिने डोळ्यांत तेल घालून एकेक कोपरा पाहिला. तळं, रेल्वे, घसरगुंड्या, चक्र. चक्रासमोरच्या बाकावर मामंजी होते, मान खाली घालून, शेजारी कोणाची तरी मरून फ्रॉकातली पोर पाय हलवत बसलेली. तिथून तिची नजर पुढे सरकली, पुढच्या पिवळ्या ठिपक्याकडे.

खाली उतरली तेव्हा वायरमन घोषणेच्या खोलीशी पोचला होता. आतल्या मुलीने कागद पुढे ओढला.

"मुलीचं वय?"

"दहा," वायरमन म्हणाला.

"अंगावर काय आहे?"

वायरमनने मोठीकडे पाहिलं. मोठीने जमिनीकडे पाहिलं.

"पिवळा शर्ट," तो म्हणाला.

मुलीने हळूच मान खाली घालून स्वतःच्या अंगावरचा शर्ट पाहिला, मग शेजारी बसलेल्या तिच्या साहेबांचा, आणि मग मोठीच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या वकिलाचा. "दुसरं काही सांगता येईल का?" तिने विचारलं.

"सांगता येईल," वकील म्हणाली. "शर्टाच्या आत मरून फ्रॉक आहे. आणि आई, पिवळं शोधणं हा मुळातच चुकीचा मुद्दा आहे, कारण शर्ट काढता येतो."

मोठीला बाकावरची मरून फ्रॉकातली पोर आठवली. मग ती वळली आणि धावत सुटली, मागे वायरमन, त्याच्या मागे वकील. वाटेत तिला वन्सं भेटल्या, केस सुटलेले, डोळे लाल.

"तुझ्या शब्दावर आले मी," वन्सं म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर मोठीला बरं वाटलं असतं. "तुझ्या शब्दावर आणलं तिला इथे."

"चला माझ्याबरोबर," मोठीने त्यांचा हात धरला. "वन्सं, चला. बाकाकडे."

"बाकाकडे? बाबांकडे?" वन्सं थबकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मोठीला कळलं की आता आणखी वाईट भीती कोणती आहे. पोर हरवण्याच्याही पुढची, म्हाताऱ्याच्या जिभेची.

चक्राच्या अलीकडे, तिकिटांच्या खिडकीआड मोठी थांबली आणि तिने वन्संनाही थांबवलं. बाक दहा-बारा पावलांवर होता, बाजूने दिसणारा. पोर तिथेच होती, मरून फ्रॉकात. पिवळा शर्ट मामंजींच्या मांडीवर पसरला होता, उलटा, आणि एक बाही उसवून बाजूला काढली होती. मामंजी कुठेही गेले तरी टोपीच्या कडेत सुई-दोरा असे, खिशात खडूचा तुकडा असे, आणि टेप गळ्यात नसेल तर त्यांना थंडी वाजल्यासारखं होई.

"पुन्हा उभी राहा," मामंजी म्हणत होते. "सरळ. शाळेत अशीच वाकून बसतेस का?"

"हो."

"म्हणून हा खांदा उतरलाय. उजवा डाव्यापेक्षा खाली आहे तुझा. दप्तर एकाच खांद्यावर घेतेस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला खांदेच कळतात. बाकी काही नाही कळत, असं घरातले म्हणतात." त्यांनी टेप पोरीच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत धरला. "तासभर तो शर्ट माझ्यासमोर लोंबत होता. तू त्या टोकाला येऊन बसलीस, मी या टोकाला. म्हटलं बघायचं नाही. पण घरच्या दुकानातला शर्ट असा पडलेला मला नाही बघवत. कोणी कापला हा?"

"मोठ्या काकूंनी."

"माप न घेता." मामंजींनी दोरा ओढला. "तिला सांगेन मी. तू बोलली का नाहीस, सैल आहे म्हणून?"

पोर उसवलेल्या बाहीकडे बघू लागली. "बोललं तर त्यांना वाईट वाटलं असतं."

"वाटू दे. माप देणाऱ्याने बोलायचं असतं. गप्प बसणारं गिऱ्हाईक सगळ्यांत वाईट. बाहेर जाऊन घालतं आणि दुकानाचं नाव जातं. बोल, आता काय हवंय?"

"खिसा," पोर म्हणाली.

"काय?"

"खिसा हवाय. दोन. आणि बटणं मोठी. ही मला आवडली नाहीत."

मोठीच्या हातातला वन्संचा हात घट्ट झाला. दोन वर्षांत ज्या पोरीने काही मागितलं नव्हतं, ती मागत होती, आणि मागत होती ती कोणाकडे.

"दोन खिसे," मामंजी करड्या आवाजात म्हणाले. "वर बटणं मोठी. उद्या म्हणशील चेन लाव."

"चेन नको. पण आतून एक चोरखिसा लावता येतो का?"

"लावता येतो का म्हणजे? तुला काय वाटलं, मी चिंध्या जोडतो?"

वायरमन पोचला होता. तो काही बोलणार, तोच वकिलाने त्याची बाही ओढून त्याला गप्प केलं. तिच्या आयुष्यात तिने दुसऱ्याला गप्प करण्यासाठी तोंड न वापरल्याची ही पहिलीच वेळ. पण वन्संना राहवलं नाही. त्या धावत बाकाला वळसा घालून गेल्या आणि पोरीला जवळ ओढायला त्यांनी हात पसरले.

"आई, थांब," पोर म्हणाली. "हलवू नकोस मला. माप चाललंय."

वन्सं तशाच उभ्या राहिल्या, हात अर्धे पुढे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मामंजींनी मान वर केली नाही. खांद्याला शेवटचा टाका घातला, गाठ मारली, दाताने दोरा तोडला आणि शर्ट झटकून पोरीच्या हातात दिला.

"तात्पुरता बसवलाय," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते पहिल्यांदा कोणालाच कळलं नाही, कारण ते शर्टाशीच बोलत होते. "बाहीचा मुंढा नव्याने काढावा लागेल. मंगळवारी घेऊन ये हिला ट्रायलला."

चक्र फिरत होतं, त्याचं गाणं वाजत होतं. वन्संनी पदराने डोळे पुसले.

"मंगळवारी तिची शाळा असते, बाबा."

"सुटल्यावर आण. दुकान कुठे पळून चाललंय?"

"आणते."

"नुसती सोडून जाऊ नकोस. ट्रायलला वेळ लागतो. बसावं लागेल तुला." मामंजींनी टेप गुंडाळायला घेतला, आणि तो त्यांच्या हातात नीट गुंडाळला जात नव्हता. "तुझ्या मशीनवर सगळा ढीग पडलाय कपड्यांचा. तो काढून ठेवतो तोपर्यंत."

त्या मशीनवर ढीगबीग काहीही नव्हता. मोठीला ते पक्कं ठाऊक होतं. खिडकीजवळच्या त्या मशीनला दोन वर्षांत मामंजींनी कोणाला हात लावू दिला नव्हता, कामाच्या घाईतसुद्धा नाही. दर आठवड्याला ते स्वतः त्याला तेल घालत, चाक फिरवून बघत आणि पुन्हा झाकून ठेवत. दुकानात कोणी त्याबद्दल बोलत नसे.

म्हाताऱ्याने एकदा मोठीकडे पाहिलं. पटकन, चोरून.

"हो ना," मोठी म्हणाली. "ढीगच ढीग आहे वन्सं. मंगळवारपर्यंतचा वेळ तो काढायला आम्हाला पुरेल की नाही, कोण जाणे."